जुन्या व्हॅनचा रंग: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत जुन्या व्हॅनच्या डेंटिंग-पेंटिंगचे प्रश्न सगळ्यात जास्त होते, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त हेच.

प्रश्न: आमची २००७ ची पांढरी ओम्नी आहे. वडिलांनी घेतलेली, आता मी फुलांच्या धंद्याला वापरतो. रोज पहाटे ओली फुलं, भिजलेली पोती, त्यामुळे मागचा तळ खाल्ला गेलाय, सरकत्या दाराच्या खाली बोट जाईल एवढं भोक पडलंय आणि मागच्या चाकांच्या वर रंगाला फुगे आलेत. एका पेंटरने फुल बॉडीचे १८ हजार सांगितले, नाशिकच्याच द्वारका चौकाकडच्या दुसऱ्याने ५५ हजार. दोघंही म्हणतात गाडी नवीसारखी करून देतो. एवढा फरक कशाचा? – एक वाचक, पंचवटी

उत्तर: फरक सगळा रंगाच्या खाली आहे दादा. वरून मारायचा रंग दोघांनाही थोडाफार सारखाच लागणार, ओम्नी ती केवढीशी, पण १८ वाला बहुतेक त्या भोकावर जाळी चिकटवून वरून पुट्टी ओढणार आणि ५५ वाला सडका पत्रा कापून नवीन जोडणार असेल. असेल म्हणतोय, कारण पैसे जास्त घेतले म्हणजे काम खालपासून होतंच असं नाही, ते विचारून आणि डोळ्यांनी बघूनच घ्यायचं.

आधी ते फुगे कशाचे ते बघा. लोखंड गंजलं की तो गंज मूळ पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग वर उचलला जातो आणि पोपडा सुटतो. चाकाच्या कमानीत आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे कडेला दुमडून जोडलेले असतात, त्या दुमडीत चाकाने उडवलेला चिखल जाऊन बसतो आणि पावसाळा संपून महिना झाला तरी तो आत दमटच असतो. म्हणजे गंज आतून बाहेर येतोय, तुम्हाला वर फुगा दिसतो तोपर्यंत आतला पत्रा जवळजवळ गेलेला असतो. आता त्याच्यावर बाहेरून ग्राइंडर फिरवला, पुट्टी भरली, रंग मारला तर दिवाळीला गाडी झकास दिसेल आणि पुढच्या श्रावणात त्याच जागी तोच फुगा येईल. पुट्टी पाणी पिते हे लोकांना माहीतच नसतं, मागून ओल लागली की ती पत्र्याला चिकटून राहूच शकत नाही.

दाराखालचं भोक तर याहून गंभीर आहे. ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, तळ, दाराखालची पट्टी, खांब हे सगळं मिळूनच गाडीचं वजन आणि धक्का पेलतात. तिथे पुट्टी भरणं म्हणजे गाडीचा सांगाडा मातीने लिंपणं झालं. हे काम दिसण्यासाठी नाही, तुमच्या जिवासाठी करायचंय, त्यामुळे इथे पैसे वाचवू नका.

स्वतः तपासायचं असेल तर फ्रीजला लावतात तसलं छोटं चुंबक घ्या, कागदात गुंडाळा आणि सगळ्या बॉडीवरून फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे आधीच कोणीतरी जाड पुट्टी भरून ठेवलीय. मग मागची सगळी मॅटिंग उचला, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत जा, चांगला पत्रा टणटण वाजतो आणि सडलेला भद्द. समोरच्या काचेच्या रबराखाली, छताच्या पन्हळीत, दारांच्या खालच्या कडेला पण बघा. दारांच्या तळाला पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती माती आणि फुलांच्या कचऱ्याने बुजतात आणि मग दार आतून तुंबून सडतं. तुमच्या धंद्यात तर ही भोकं दर महिन्याला तारेने मोकळी करायला पाहिजेत.

आता पेंटरला काय सांगायचं ते. सडका भाग चमकता लोखंडी पत्रा लागेपर्यंत कापायचा, भोकाच्या कडेपुरता नाही. जोड २० किंवा २२ गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेल्या) पत्र्याचा घ्यायचा, किंवा त्या भागाचा तयार पत्रा स्पेअरवाल्याकडे मिळतो का ते आधी बघायचं, कमानीचा मिळाला तर आकार नीट बसतो. जोडायला सीओटू वेल्डिंग, तेही टाक्या-टाक्याने, एक इथे एक तिकडे, मधे पत्रा थंड होऊ देत. सलग ओढलं किंवा गॅस वेल्डिंगची मोठी ज्योत लावली की पातळ पत्रा तापून लाटा धरतो आणि मग त्या लाटा लपवायला पुन्हा किलो किलो पुट्टी. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा, सीट आणि मॅटिंग बाहेर काढा, आणि गाडीला एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर टाकी माणूस बोलवून उतरवून घ्या. यात कोणी म्हणालं की काही होत नाही हो, तर गाडी तिथून घेऊन या.

वेल्डिंग झालं की जोड घासून, उरलेल्या बारीक खड्ड्यांतल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावून, डब्यावर लिहिलंय तेवढं थांबून, मग एपॉक्सी प्रायमर, आणि त्याच्यावर सांध्यात सीम सीलर. लाल रंगाचा रेड ऑक्साइड, जो आपण गेटला लावतो, तो बरेच पेंटर गाडीला पण लावतात कारण स्वस्त पडतो, पण त्याच्यावर पीयू (पॉलीयुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा) रंग मारला तर हार्डनर आणि थिनर त्याला खालून सुरकुत्या पाडू शकतात, आणि ओलसुद्धा तो एपॉक्सीइतकी अडवत नाही. पुट्टी या एपॉक्सीच्या वर, आणि दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. त्याच्याहून खोल खड्डा असेल तर आधी डेंटरने ठोकून वर आणायचा.

तुमच्या गाडीच्या वापराकडे बघून माझं मत विचाराल तर चमक कमी झाली तरी चालेल, तळ, दाराखालची पट्टी आणि कमानी यांच्यावर जास्तीत जास्त खर्च करा. वरून साधा पांढरा पीयू, क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, न लावता थेट चमकणारा, मेटॅलिकच्या भानगडीत पडू नका. रंग पूर्ण वाळल्यावर तळाच्या बाजूने अंडरकोटिंग आणि पोकळ भागांत मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स मारून घ्या. जळकं इंजिन ऑइल ओतू नका, लोक ओततात खरं, पण त्यात आम्ल असतं, ते ठिबकत राहतं आणि पुढे कधी रंग मारायची वेळ आली तर तिथे काही म्हणजे काही धरत नाही. आणि फुलांची पोती थेट तळावर टाकण्यापेक्षा प्लास्टिकच्या जाळीदार क्रेटमध्ये ठेवा, खाली हवा खेळू द्या. ५५ हजारवाल्याला सांगा, कापल्यावर आणि प्रायमर मारायच्या आधी मला बोलवायचं, मी येऊन बघणार. जो पेंटर याला आनंदाने हो म्हणेल त्याला काम द्या.

प्रश्न: गाडी रंगवायला कुठला महिना चांगला? आमच्याकडे जूनपासून सगळं ओलंच असतं. – एक वाचक, इगतपुरी

उत्तर: तुमच्याकडे घाटात तर पावसाळ्यात अजिबात नको. हवेत दमटपणा असताना एनसी (नायट्रोसेल्युलोज, नुसतं थिनर उडून वाळणारा) रंग मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्याच्यावर हवेतलं पाणी बसतं आणि रंगावर दुधासारखी पांढरी झाक येते. पीयूला एवढी झाक येत नसली तरी त्याचा हार्डनर पाण्याशी जुळतो, मग बुडबुडे, टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि चमक मेलेली. त्यात कंप्रेसरच्या टाकीत पण पाणी साठतं, ते रोज खालचा नळ उघडून सोडलं नाही तर गनमधून थेंब थेंब रंगातच येतं.

नाशिकला आणून काम करणार असाल तर ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारी-मार्च. डिसेंबर-जानेवारीत दुपार छान असते पण निफाडकडची थंडी तुम्हाला माहितीय, संध्याकाळी मारलेला रंग रात्रभर वाळत नाही आणि पहाटे त्याच्यावर दव बसतं. एप्रिल-मे मध्ये उलटं, गनमधून निघालेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतो, तेव्हा पेंटरने सावकाश उडणारं थिनर वापरायला पाहिजे आणि काम सकाळी लवकर उरकायला पाहिजे. पुट्टीचंही तसंच, उन्हाळ्यात ती पातेल्यात असतानाच आवळते, थंडीत तासभर मऊ राहते. थंडीत म्हणून हार्डनर जास्त घालायचा मोह होतो, तो टाळा, कारण जास्तीचा हार्डनर नंतर वरच्या रंगात झिरपून पिवळट डाग देतो, पांढऱ्या गाडीवर तर लगेच दिसतो. आणि एक, दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस गाडी देऊ नका, सगळ्यांना पूजेला गाडी पाहिजे असते आणि त्या घाईत पुट्टी आणि प्रायमर वाळायला जो वेळ लागतो तोच पहिला कापला जातो.

प्रश्न: माझ्याकडे जुनी मॅटाडोर आहे. एकावर एक किती रंग बसलेत देवालाच ठाऊक, हिरवा, मग निळा, मग पांढरा. आता पीयू मारायचाय. पेंटर म्हणतो वरवर घासून मारतो. चालेल का? – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर: मॅटाडोर अजून सांभाळून ठेवलीत हे वाचूनच बरं वाटलं. पूर्वीच्या बजाज टेम्पोची, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सची ही गाडी, एकेकाळी शाळा, लग्नाचं वऱ्हाड, भाजी, पेशंट, सगळं हिनेच वाहिलं. तिला घाईचा रंग देऊ नका.

आधी वरचा रंग कुठला आहे ते शोधा. पांढऱ्या फडक्यावर एनसी थिनर घेऊन एका कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून फडक्याला लागला तर तो एनसी, मऊ पडून सुरकुतला तर बहुतेक ब्रशने मारलेला सिंथेटिक इनॅमल, आणि काहीच झालं नाही तर पीयू किंवा कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग. सिंथेटिक निघाला, आणि तुमच्या गाडीच्या वयाकडे बघता तोच निघायची शक्यता जास्त, तर त्याच्यावर पीयू थेट मारायचा नाही. पीयूचं थिनर तीव्र असतं, ते खालच्या इनॅमलला फुगवून वर उचलतं, दुसरा कोट मारेपर्यंत सगळा पत्रा वाळलेल्या पापडासारखा दिसतो आणि तिथून मग सगळं खरवडण्याशिवाय मार्ग नाही. म्हणून दोनच रस्ते, एक तर पुन्हा चांगला सिंथेटिकच मारा, कमी खर्चात होतो, चमक लवकर उतरते पण खरचटलं तर घरच्या घरी सुधारता येतं, किंवा पेंट रिमूव्हर लावून पत्र्यापर्यंत उतरवा आणि एपॉक्सीपासून सुरुवात करा. माझं मन दुसऱ्याकडे आहे, कारण तीन-चार थर जाड रंग झाला की तो काचेसारखा कडक होतो आणि पत्रा थरथरला की तडकतो, त्या तड्यातून पाणी आत.

खरवडताना मात्र काळजी घ्या. जुन्या रंगांत शिसं असायचं, कोरडा घासला की ती धूळ उडते, नाकातोंडात जाते, आणि लहान मुलांना तर तिचा फार त्रास. रिमूव्हरने किंवा पाणी टाकत वॉटर पेपरने उतरवा, मास्क लावा, निघालेला लगदा पोत्यात गोळा करा, अंगणात झाडून देऊ नका. मोकळा झालेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे, एका दमट रात्रीत त्याच्यावर पिवळी झाक येते.

प्रश्न: मी सिडकोत राहतो, घराच्या पार्किंगमध्ये स्वतःच गन भाड्याने आणून ओम्नी रंगवायचा विचार आहे. कितपत जमेल? – एक वाचक, सिडको

उत्तर: घासणं, गंज काढणं, पुट्टी, प्रायमर घासणं, हे सगळं हातकाम घरी करा, उत्तम होईल, कारण तुम्हाला घाई नाही आणि गाडी तुमची आहे. मेहनत तिथेच आहे. पुट्टी ८० नंबरच्या पेपरने आकारात आणायची, मग १८०, मग ३२०, आणि तीही कोरडी, पाणी टाकून नाही, पुट्टी पाणी पिते हे वर सांगितलंच. पेपर हाताने धरून घासू नका, बोटांच्या दाबाने पन्हळी पडतात, सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. पुट्टीच्या वर मारतात त्या प्रायमर सरफेसरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून ठेवा आणि ४०० ते ६०० ने पाणी टाकून घासा, जिथे काळं राहील तिथे खड्डा आहे, जिथे लगेच पत्रा दिसेल तिथे उंचवटा. हाताने कळत नाही ते यात डोळ्याला दिसतं.

पण पीयूचा शेवटचा फवारा पार्किंगमध्ये नको, हे मी अगदी कळकळीने सांगतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवाऱ्यातून ते फुप्फुसात गेलं तर दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे नुसत्या वासानेही श्वास कोंडतो. कापडी रुमाल किंवा मेडिकलमधला मास्क त्याला अडवत नाही. सिडकोत तुमच्या भिंतीला लागून शेजारच्यांची खिडकी, वर कोणाचं तरी तान्हं बाळ झोपलेलं. शिवाय उडालेला रंग शेजारच्या गाडीवर बसला की तो निघता निघत नाही. तेवढा फवारा अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या बूथ (फवाऱ्याची बंद खोली) असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्या, तयारी तुम्ही केलेली असल्यामुळे मजुरीबद्दल बोलता येईल.

आणि नेण्याच्या आदल्या दिवसापासून गाडीजवळ डॅशबोर्ड पॉलिश किंवा टायर पॉलिश उघडू नका. त्यातलं सिलिकॉन एवढंसं जरी पत्र्यावर बसलं तरी रंग तिथून सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. रॉकेलने पुसणारेही खूप आहेत, रॉकेल मागे तेलकट थर ठेवतं.

प्रश्न: माझ्या डब्यांच्या व्यवसायाची ईको आहे, सिल्व्हर. एकाच दाराला घासलंय. तेवढंच दार रंगवलं तर रंग वेगळा दिसेल का? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: सिल्व्हर असल्यामुळे दिसू शकतो ताई. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात, ते पत्र्यावर आडवे बसले की उजळ दिसतं आणि उभे बसले की काळपट, आणि ते कसे बसतील हे गनचा दाब, अंतर, रंग किती ओला मारला यावर ठरतं, म्हणजे रंगाचा कोड तोच असूनही फरक पडतो. त्यात तुमची गाडी उन्हात राहून थोडी उतरलेली. म्हणून चांगला पेंटर आधी एका पट्टीवर मारून, क्लिअर लावून, उन्हात गाडीला टेकवून दाखवतो. मग दारावर पूर्ण रंग आणि शेजारच्या पॅनलवर नुसती फिकट होत जाणारी झालर सोडून क्लिअर कोट संपूर्ण पॅनलवर घेतो, त्याने जोड डोळ्याला लागत नाही. हे करायला थोडे जास्त पैसे मागितले तर द्या. फक्त वरचा क्लिअरच खरचटलाय का तेही बघा, नख फिरवून अडकलं नाही तर २००० नंबरचा वॉटर पेपर आणि कंपाउंडने निघून जाईल, रंगाची गरजच नाही.

प्रश्न: २०२७ च्या सिंहस्थाला भाविकांची ने-आण करायचीय, पिवळ्या पाटीची ट्रॅव्हलर आहे. जुनी आहे म्हणून पूर्ण रंगवतोच आहे तर रंगही बदलून मिलिटरीसारखा हिरवा करावा म्हणतो. काही अडचण? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: तो हिरवा नाही चालणार. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखलेला आहे, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तसं आहे. दुसरा कुठलाही रंग घेतलात तरी आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो, तो बदलला की पेठ रोडच्या आरटीओत नोंद करून घ्यायला लागते, आणि तुमचं परमिट कसलं आहे त्यावर रंगाची अट असते का ते गाडी गॅरेजला टाकायच्या आधी तिथे विचारून या, नंतर नाही. पुढेमागे शाळेच्या मुलांची ने-आण करायचं डोक्यात असेल तर रंग पिवळाच लागेल, तेही आत्ताच ठरवा. आहे तोच रंग ठेवलात तर हा सगळा व्याप वाचतो आणि दारांच्या आतल्या कडा, डॅशबोर्डच्या मागचा पत्रा, या सगळ्या ठिकाणचा जुना रंग डोकावत नाही.

आणखी एक, चेसिस नंबरच्या जागेला ग्राइंडर, पुट्टी, अंडरकोटिंग काही लागू देऊ नका. काम सुरू व्हायच्या आधी त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासून छाप घेऊन ठेवा, फोटो काढा आणि त्या जागेवर मास्किंग टेप लावून पेंटरला दाखवून द्या. फिटनेसला अधिकारी पहिला नंबर बघतात, तो पुसट झाला तर नवीन रंगाच्या गाडीला घेऊन नुसत्या चकरा.

प्रश्न: रंग मारून गाडी परवाच आली. वॅक्स कधी करू? – एक वाचक, सिन्नर

उत्तर: महिनाभर नको. पीयू वरून हाताला वाळलेला लागला तरी आतून थिनर बाहेर पडत असतं, वॅक्सने ते कोंडतं. तोपर्यंत साध्या पाण्याने, मऊ फडक्याने, सावलीत धुवा, प्रेशरवाल्या सर्व्हिसिंगला नेऊ नका, कव्हर घालू नका, आणि कावळ्या-कबुतरांची घाण दिसली की त्याच वेळी ओल्या फडक्याने भिजवून काढा, ती नव्या रंगात एका दुपारच्या उन्हात डाग पाडते.